खोगिराची घडवंची

रियासत विलीन झाली आणि वडिलांची पलटणीतली नोकरी गेली. मुरार छावणीमागचं आमचं वावर पोटापुरतंही देईना.

शेजारी रिसाल्यातले, म्हणजे घोडदळातले, एक स्वार राहायचे. रिसाला मोडला, तरी चकचकीत बूट घालून यायचे, ते बांधावर काढायचे आणि आमच्या खताच्या खड्ड्याला घोड्यासारखं थोपटायचे.

"वहिनी, शेण चुलीत नका घालू. जमीन भुकी आहे."

"मग चुलीत काय, तुमच्या मिशा घालू?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोगीर ठेवायची आपली सागवानी घडवंची आणून आमच्या दारात फोडली.

"घोडाच गेला, वहिनी. हिचं आता काय काम?"

लाकडं रचताना त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर आईनं काटक्या वेचल्या, पण गोवरी थापली नाही. सगळं शेण खड्ड्यात गेलं. पुढं त्या वावरात गहू झाला, आणि त्या गव्हावर मी बी.ए. झालो.