न फुटलेल्या गोळ्याची रिॲक्शन

तार दुपारी आली. बाबा कारखान्यात होते, आई नळावर होती, मी शाळेत इंग्रजीच्या तासाला होते. दादा सीमेवर मारला गेला, असं तारेत होतं. त्याच्याजवळ तोफेचा गोळा पडला, हे त्याच्या पलटणीकडून नंतर कळलं.

त्या तासाला सर आम्हाला, सैनिक मेल्यावर काय वाटलं पाहिजे, ते सांगत होते. सांगत होते म्हणजे फळ्यावर लिहून देत होते. मी ते उतरवून घेतलं, आणि मग मला घरून बोलावणं आलं.

आमचं क्वार्टर जबलपूरजवळ रांझीत होतं. बाबा विदर्भातून इकडे आले ते तोफगोळ्यांच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. गोळ्याच्या टोकाला जो फ्यूज बसतो, ज्याच्यामुळे गोळा पडल्यावर फुटतो, तो जोडायच्या सेक्शनमध्ये ते होते. लॉट तयार झाला की त्यातले थोडे गोळे रेंजवर नेऊन तोफेतून उडवून बघत. फुटले तर लॉट पास. नाही फुटले तर सगळा लॉट परत, आणि सेक्शनमधल्या प्रत्येकाचं तोंड आठवडाभर उतरलेलं.

रेंजचा आवाज आमच्या घरात यायचा. आधी तोफ सुटल्याचा, मग थोडा वेळ काहीच नाही, मग गोळा फुटल्याचा. त्या मधल्या वेळात रांझीत कोणी घास तोंडात घालत नसे. दुसरा आवाज आला की बाबा म्हणायचे, “पास,” आणि वरणात हात घालायचे. भिंतीपलीकडून शेजारच्या भैयांचंही “पास” ऐकू यायचं. दुसऱ्या गावांत लोक जेवताना देवाचं नाव घेतात, हे मला वाचून माहीत होतं.

आमचे इंग्रजीचे सर बाहेरून आलेले होते. त्यांना रांझीची बस, रांझीची धूळ आणि रांझीचे उच्चार यांपैकी काहीही सोसत नसे. खिशात कायम इस्त्रीचा रुमाल. त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला होता. नुसता सारांश लिहून आता भागणार नव्हतं. पुस्तक वाचून विद्यार्थ्याला स्वतःला काय वाटलं ते लिहायचं होतं. याला रिॲक्शन म्हणत. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “अपने शब्दों में लिखिए,” आणि लगेच आमचे शब्द फळ्यावर लिहायला सुरुवात केली. जबलपुरात ओमतीच्या पुस्तकांच्या दुकानांत महिन्याभरात गाइडं आली. त्यांच्यावर छापलेलं होतं की आतल्या सगळ्या रिॲक्शन ओरिजिनल आहेत.

कादंबरी लढाईवरची होती, परदेशातली, जुनी. तिच्यातला कोवळा सैनिक खंदकात बसलेला असतो. त्याच्यासमोर हातभर अंतरावर गोळा येऊन पडतो, मातीत रुततो आणि फुटत नाही. सैनिक गोळ्याकडे बघत राहतो. मग पानभर आकाशाचं वर्णन आहे. सरांनी ते पान फार सुंदर वाचलं. पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि विचारलं, “रिॲक्शन?”

वर्गात बसलेल्या जवळपास सगळ्यांचे वडील कारखान्यात. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ये लॉट पास किसने किया?”

“क्या?”

“इन्स्पेक्शनवाले सो रहे थे क्या, सर?”

“फ्यूज में नमी गई होगी,” दुसरा म्हणाला. “बरसात का माल होगा.”

“पूरा सेक्शन सस्पेंड होगा अब,” तिसरा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरंच कळवळा होता. त्या वर्गात सैनिकाबद्दल कोणाला काही वाटलं नव्हतं असं नाही. पण तो तर वाचला होता. ज्यांची नोकरी जाणार होती, त्यांची काळजी आधी वाटली.

सरांनी रुमालाने कपाळ पुसलं. “आप लोग इन्सान हैं या माल-बाबू?” मग त्यांनी खडू घेतला आणि आमची रिॲक्शन लिहून दिली: हा प्रसंग वाचून माझ्या डोळ्यांत अश्रू आले. सगळ्या वर्गाने कोरड्या डोळ्यांनी ते उतरवून घेतलं. एकाने विचारलं की अश्रू आले की वाहिले, कारण गाइडात वाहिले आहेत. सर म्हणाले, आले. वाहिले जरा जास्त होतं.

दादा तेव्हा सुट्टीवर आलेला होता. तो कारखान्यात लागावा असं बाबांना वाटत होतं, पण तो पलटणीत गेला. “गोळा बनवणारा संध्याकाळी घरी जेवायले येते,” एवढंच बाबा म्हणाले होते, आणि मग त्याला स्टेशनवर सोडायला स्वतः गेले होते. रात्री जेवताना मी सगळ्यांना कादंबरीतला गोळा सांगितला. बाबांचा हात थांबला.

“काहून नाही फुटला?”

“ते नाही लिहिलं, बाबा.”

“असं कसं? एवढी मोठी कादंबरी, अन् मुद्द्याचंच नाही?”

दादा हसायला लागला. “बाबा, पोट्टा वाचला नं! तुम्ही फ्यूजचं काय घेऊन बसले?”

“वाचला हे चांगलंच झालं. पण काम म्हणजे काम आहे. मी असतो तर मले झोप आली नसती.”

“अच्छा, म्हणजे माझ्यासमोर तिकडचा गोळा पडला, अन् नाही फुटला, तर तुम्ही त्यायच्या इन्स्पेक्टरची तक्रार करणार?”

“तिकडचा असा निघाला तर पेढे वाटीन,” बाबा म्हणाले. “सगळ्या सेक्शनले.”

“आई, ऐकलं नं? बडकुल हलवायाकडे आत्ताच सांगून ठेव.” आई म्हणाली, “जेवताना असं बोलू नाही,” आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली. दोन दिवसांनी त्याची सुट्टी रद्द झाली.

तो गेल्यावर सरांनी सिनेमा आणला. मुलं अशी का, याचा त्यांनी विचार केला होता आणि दोष घरांत आहे असं त्यांचं मत झालं होतं. म्हणून त्यांनी पालकांनाही बोलावलं. कामगारांच्या क्लबात चादर ताणली, प्रोजेक्टर लावला. वडील मंडळी शिफ्ट सुटल्यावर सायकली टेकवून तशीच खाकीत येऊन बसली. सरांनी प्रस्तावना केली. ही कलाकृती आहे, हिच्यात नायकाचा जिवलग मित्र मरतो, तिथे शांतता पाळावी, असं त्यांनी सांगितलं. कोण मरणार हे आधीच कळल्यामुळे सगळे निवांत झाले.

सिनेमा इंग्रजी होता. कोणाला संवाद कळत नव्हते, पण बर्फात उभ्या तोफा कळत होत्या. मित्र आरशाचा तुकडा झाडाला टांगून दाढी करत होता. दूर कुठेतरी तोफ सुटल्याचा आवाज आला. क्लबात दाणे खाणाऱ्यांचे हात थांबले. दाढी करणाऱ्याचाही हात थांबला. पडद्यावर आणि पडद्यासमोर कोणी हलेना. सर मागे उभे राहून हे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान होतं. कलेचा परिणाम होत होता.

मग गोळा फुटला. सगळा क्लब एका आवाजात म्हणाला, “पास!” आणि टाळ्या पडल्या. माझ्या बाबांनीही वाजवल्या.

सरांनी दिवे लावले. “शर्म आनी चाहिए! एक जवान की मौत पर ताली?”

लोक एकमेकांकडे बघू लागले. पुढे बसलेला एक म्हातारा फिटर उठला आणि हात जोडून म्हणाला, “मौत पे नहीं, साहब. गोले पे.”

“विलायती माल है,” बाबा शेजारच्या भैयांना हळूच म्हणाले, “अच्छा ही होगा.”

घरी येताना आई म्हणाली, “त्या पोराची आई नाही दाखवली कुठं.” त्या संध्याकाळची ती एकच रिॲक्शन, जी फळ्यावर नव्हती आणि गाइडातही नव्हती. तिला मार्क मिळायची सोय नव्हती.

लढाई सुरू झाली तेव्हा खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले. बाबांना ओव्हरटाइम लागला. रेंजवर दिवसभर आवाज. “पास” म्हणता म्हणता लोकांचं जेवण लांबत असे. शाळा चालू होती आणि सर, परीक्षा जवळ आल्यामुळे, सिनेमातल्या मित्राच्या मरणाची रिॲक्शन फळ्यावर लिहून देत होते. त्याच तासाला मला बोलावणं आलं.

सुतकात सर आमच्या घरी आले. बाहेरच्या खोलीत सतरंजी घातलेली होती, तिच्या कडेवर ते बूट काढून बसले. रुमाल हातात होता. शेजारच्या भाभींनी चहा आणून सगळ्यांच्या हातात दिला. सर बाबांकडे बघून म्हणाले, “जी...” आणि पुढे त्यांना काही सुचलं नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. खोलीत फळा नव्हता.

रेंजवर तोफ सुटली. बाबांचा कप ओठांपाशी थांबला. सगळ्यांचेच थांबले. सरही आता रांझीत पुरेसे राहिले होते, त्यांचाही थांबला.

दुसरा आवाज आला.

“पास,” बाबा म्हणाले.

एवढ्या वर्षांची सवय होती, ते तोंडातून गेलं. मग त्यांनी कप खाली ठेवला. आतल्या दारात आई उभी होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं. मग म्हणाले, “तिकडं पण कोणी म्हटलं असन.”

बाबांनी सरांना विचारलं, “सरजी, वो आपकी किताब में जो गोला नहीं फूटा, वो क्यों नहीं फूटा, कुछ लिखा है?”

“नहीं जी,” सर म्हणाले. “नहीं लिखा.”

“लिखना चाहिए था,” बाबा म्हणाले.

सरांनी रुमाल डोळ्यांना लावला. अश्रू आले आणि वाहिलेही.

सुतक संपलं आणि बाबा कामावर गेले. तोवर लढाई थांबली होती, लॉट थांबले नव्हते. त्यांनी काम जसं करायचे तसंच केलं; त्यांच्या हातचे फ्यूज पुढेही परत आले नाहीत. फक्त घरात त्यांनी पुन्हा “पास” म्हटलं नाही. पहिला आवाज आला की ते थांबत, दुसरा आला की न बोलता पुढे जेवू लागत. मला तेव्हा वाटायचं, आणि अजून वाटतं, की त्या मधल्या वेळात ते दुसऱ्या आवाजाची वाट बघत नसावेत.

परीक्षेत तोच प्रश्न आला. खंदकातला सैनिक, न फुटलेला गोळा, तुमची रिॲक्शन. मी लिहिलं, या प्रसंगाने माझ्या डोळ्यांत अश्रू आले. शाळेत इंग्रजीत पहिली आले. पुढे मीही इंग्रजी शिकवलं, तीस-एक वर्षं. मुलांना मी फळ्यावर रिॲक्शन लिहून दिल्या नाहीत. त्यांनी ओमतीतून गाइडं आणली.

आई आधी गेली. बाबा गेल्या पावसाळ्यानंतर गेले. निवृत्तीनंतर त्यांनी रांझीतच बांधलेल्या घरात मी आता एकटी राहते. रेंजवर अजून गोळे उडवतात. मी जेवत असले आणि तोफ सुटली, तर माझा हात थांबतो.