उतार कोणाचा

खालच्या गॅरेजातून ऑइलचा वास आला, की मी धायरीतल्या घराच्या गॅलरीतून मनाने थेट जुन्या कारखान्यात पोचतो. लेथ मशीनवरून पडणारे बोल्ट सारखं वाकून उचलायला नकोत, म्हणून मी तिरकी फळी लावली होती. बोल्ट आपोआप घरंगळत टोपलीत पडायचे. मालक खूश झाले, तर सुपरवायझर माझ्यादेखत म्हणाले, "माझीच कल्पना, साहेब!"

मी चौथी नापास, पण ऐकून घेणारा नव्हे. फळी उचकटून त्यांच्या हातात दिली. "मग आपणच बसवा."

त्यांनी इतका उतार दिला, की गरम बोल्ट टोपली ओलांडून मालकांच्या बुटावर.

"कोणाची अक्कल ही?" मालक ओरडले. सुपरवायझरांनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं.

"फळी माझीच, साहेब," मी म्हणालो. "उतार ह्यांचा."

तेव्हा भयंकर राग आला होता. आता वाटतं, बिचाऱ्याने माझी कल्पना चारचौघांत मला परत दिली, तेही न मागता.