अक्का पटांगणात जाऊन बसली तेव्हा...

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आधी आमच्या गावात ग्रामसभा झाली आणि तिथे माझी आई उठून बोलली! नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी नववीत होते... आमचं गाव धुळ्याजवळ.

शाळेसमोर मोठं पटांगण होतं. पण दुपारपासून लिंबाखाली पत्ते आणि दारू चालायची. बाटल्या फुटायच्या, येता-जाता शेरे मारले जायचे. आम्ही मुली शाळा सुटली की गावाला वळसा घालून घरी जायचो.

सभेत सरपंच नाना म्हणाले, "तिथे दुकानांचे गाळे काढू, कटकटच मिटेल." सगळ्या माना डोलल्या... तेवढ्यात मागून अक्का उठली. माझ्या आईला सगळं गाव अक्काच म्हणायचं. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "नाना, शेतमा डुकरं घुसनात ते आपण डुकरं हाकलतस का शेत इकतस?"

सगळे हसले. नाना चिडून म्हणाले, "मंग तूच हाकल!"

दुसऱ्या दिवशी अक्का खरंच गेली. सोबत बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. उन्हात धोतर पसरून बिबड्या थापल्या आणि राखणीला थेट लिंबाखाली, पत्तेवाल्यांशेजारी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या आणखी तिघी आल्या... गावच्या काकू-वहिनींसमोर बाटली काढायची पंचाईत झाली.

मग एके दिवशी पत्तेवाल्यांपैकी बापूने भरलेली बाटली बिबड्यांवर फेकून मारली. सगळीकडे काचा... अक्काने काचा वेचल्या, बिबड्यांचा सगळा घाणा फेकून दिला. घरी आल्यावर "आता नको जाऊ," मी रडत म्हटलं. तिने उद्यासाठी ज्वारी भिजत घातली.

सकाळी आम्ही पोहोचलो तर लिंबाखाली आधीच कोणीतरी बसलेलं... बापूची म्हातारी आई! स्वतःचं पापडांचं सूप घेऊन. अक्काला म्हणाली, "मना बापू मना समोर पेस नही. आते मी आठेच बससू." आईसमोर बापू पीत नसे, म्हणून ती आता तिथेच बसणार होती.

दुपारी बापू आला. आईला पाहिलं, तसाच मागे फिरला. त्यानंतर तिथे पुन्हा डाव बसला नाही.

गाळ्यांचा विषय पुढच्या सभेत कोणी काढलाच नाही. पावसाळ्यानंतर सरांनी तिथे खो-खोचे खांब रोवले आणि आम्ही मुली पहिल्यांदा त्या पटांगणात मनसोक्त धावलो...

अक्का चौथी शिकलेली. भाषण वगैरे तिला कधी जमलं नाही. पण आजही गावी गेले की जुनी माणसं कोणाची मुलगी म्हणून विचारतात, "तू कोनी पोर वं?"

वडिलांचं नाव सांगायची पद्धत आहे. मी ताठ मानेने सांगते, "अक्कानी!"