विंचवाची पानं

माझ्या पलंगाखाली एक पत्र्याची पेटी आहे. घरी आलेली एखादी बाई विचारते, "काय ठेवलं हो आजीबाई इतकं जपून?" मी म्हणते, "मारामाऱ्या." तिले वाटते म्हातारी गंमत करून राह्यली. मग मी पेटी ओढते, वरची मलमलची घडी बाजूले करते, अन् तिच्या हातातला चहा तिथंच थांबते. एका पानावर माणसाची मान दारात चेंगरलेली, डोळे बाहेर आलेले. दुसऱ्यावर पोटात सुरा मुठीपर्यंत गेलेला अन् रक्त पार चौकटीच्या बाहेर उडालेलं. तिसऱ्यावर एका बाईचे केस कोणाच्या तरी मुठीत, अन् तिचं कपाळ भिंतीवर आपटून राह्यलं. रक्त सगळं काळं. मूळ पानावर रक्त काळंच असते, लाल ते छापखान्यात होते.

हौ, ही कॉमिकची मूळ पानं. पोरं बस स्टँडवरून भाड्यानं कॉमिक आणून वाचत, तो जमाना आठवते ना? ते छापायच्या आधी कोणीतरी हातानं काढलेलं असे, जाड कार्डशीटवर, छापील पानाहून मोठं. ती ही. माझ्या धाकट्या भावानं काढलेली. खाली सही नाही, छापखानेवाले करू देत नसत. मी ओळखते ते विंचवावरून. एक पान सोडलं तर प्रत्येकावर जो मारते, त्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, विंचू गोंदलेला आहे. शेपटी वर वळलेली, नांग्या अंगठ्याकडे.

तो विंचू माझ्या नवऱ्याचा.

लग्न होऊन मी बालाघाटची पोरगी सासरी वारासिवनीले गेली. नवरा राइस मिलमध्ये मुकादम. बाहेर मोठा हसतमुख, लग्नकार्यात पंगत वाढायले सर्वात पुढं. मारायची त्याची एक पद्धत होती. पहिले दाराची कडी लावे. मग पट्टा काढे, हातावर दोन वेढे घे अन् बक्कलची बाजू मोकळी सोडे. कडी वाजली का माझे कानच बधिर होत, पुढचं मले नीट ऐकू येत नसे. भात कच्चा राह्यला म्हणून मारे, मिलचा मालक बोलला म्हणून मारे, काहीच नाही झालं म्हणूनही मारे. एकदा समोरचा दात पडला अन् तो मी गिळला. सासू बाहेरून म्हणे, "तोंडावर नको मारू बाप्पा, उद्या हळदीकुंकू आहे."

माहेरी माझा भाऊ साइनबोर्ड रंगवे, अन् दिल्लीच्या एका छापखान्यासाठी पानं काढून रजिस्टर पोस्टानं पाठवे. चित्रकला शिकला कुठंच नाही. कथा तिकडून लिहून येई, मुखवटा घातलेला एक पहिलवान अन् त्याचे दुश्मन. चित्रं याची. मी सणाले आली का तो माझे दंड पाहे. मग निळी पेन्सिल घेऊन बसे. कच्चं चित्र निळ्या पेन्सिलीनं काढतात, निळं छपाईत उठत नाही म्हणून. त्याच्यावर मग शाई.

"सांग बाई, पट्टा कसा धरते तो?"

"असा. दोन वेढे."

"कोपर वर का खाली?"

"वर. थांब, तुले मारूनच दाखवते."

तो जमिनीवर अंग चोरून बसे अन् मी आईच्या लुगड्याची दोरी करून त्याच्यावर उगारे. त्या घरात मी नवरा व्हायची अन् माझा भाऊ मी व्हायचा. आई चुलीजवळून ओरडे, "मेल्यांनो, हे काय नाटक लावलं?" आम्ही हसत होतो. खोटं काहून सांगू, पोट धरून हसत होतो.

एक दिवस मीच म्हटलं, "सगळं बरोबर आहे, पण हा तो नाही वाटत. विंचू टाक."

"छापून येईल ना बाई."

"येऊ दे. तो कुठं कॉमिक वाचते?"

ही चूक माझी. भावाची नाही, माझी.

त्या कथेच्या शेवटच्या पानावर विंचूवाला मरणार होता. मी त्या पानाची अशी वाट पाह्यली का कोणी पोराच्या पत्राची पाहात नसेल. पोळ्याले माहेरी आली तर कॉमिक छापून आलतं. शेवटचं पान उघडलं. पहिलवानानं ठोसा घातलेला, विंचूवाल्याची कवटी नारळासारखी फुटलेली. अन् बाई? बाई कोपऱ्यात. पाठीले भिंत, दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं.

"एवढं सगळं तुले सांगितलं, अन् तू मले कोपऱ्यात बसवलं?"

"बाई, ते पान मी असं..."

"बोलू नको माझ्याशी."

अन् मी दोन दिवस त्याच्याशी खरंच बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा आला. हातात तेच कॉमिक, गुंडाळी केलेलं. तो वाचत नव्हता, पण वारासिवनीच्या पानठेल्यावरचे वाचत होते. कोणीतरी त्याची बाही वर करून म्हटलं होतं, "अरे मुकादम, तू तो किताब में आ गया!" अन् अख्खा ठेला हसला होता. घरात आला तो पहिले आईच्या पाया पडला. पाया पडला, ऐका. मग मागं वळून दाराची कडी लावली.

भाऊ पडवीत बसून एका पानावर शाई करून राह्यलता. नवऱ्यानं त्याले केसांनी धरून ओढत पाट्याजवळ नेलं, छातीवर गुडघा रोवला अन् त्याचा उजवा हात पाट्यावर दाबला. आईनं नुकतीच चटणी वाटली होती, पाटा ओला होता. "कोणत्या हातानं काढते रे मले?" म्हणे, अन् वरवंटा उचलला. पहिल्या घावाले आवाज आला, ओली काडी मोडावी तसा. दुसऱ्याले आवाज फक्त भावाचा. तिसऱ्यानंतर बोटं कोणती अन् चटणी कोणती, कळत नव्हतं. आई नवऱ्याच्या पाठीवर चापटा मारून राह्यलती, "जावईबापू सोडा, जावईबापू सोडा." त्या घडीलेही जावईबापू.

अन् मी? माझ्यापासून हातभर अंतरावर मुसळ उभं होतं, धान कुटायचं, खाली लोखंडी कडं ठोकलेलं. रोज उचलत होती मी ते. त्या दिवशी मी कोपऱ्यात होती. पाठीले भिंत, दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं. जशी छापली, तशीच.

दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडला. आमच्या घराले जिना नव्हता.

वारासिवनीले मी परत गेली नाही. नवरा दोनदा न्यायले आला, दोन्ही वेळा मोहल्ल्यातल्या लोकांनी दगड उचलून हाकलला. मी घरातच होती, तेव्हाही. पोटात मुलगी होती, तिले शिलाई मशीनवर वाढवलं. नवरा मेला, त्याच्या तेराव्याले गेली नाही. भावाच्या हाताची तीन बोटं वाकडीच जुळली. ब्रश धरता येईना. मग किराणा दुकानात पुड्या बांधायले बसला, डाव्या हातानं. चित्राचं नाव काढलं का ताटावरून उठून जाये.

पुढं तो छापखाना बंद पडला अन् पानं रद्दीत गेली. रद्दीतून ती कोणाकोणाच्या हाती लागली, अन् आता त्यांचे शौकीन झाले आहेत, मोबाइलवर त्यांचे ग्रुप आहेत, पानं देतात घेतात. मले हे नातीमुळं कळलं. एक दिवस मी डाळ निवडून राह्यलती, ती म्हणे, "आजी, ये देख, पुराने कॉमिक का ओरिजिनल." मी चष्मा घातला अन् विंचू पाह्यला. मोबाइल हातातून डाळीत पडला.

त्या ग्रुपवर मी एकटी म्हातारी. कोणी पहिलवानासाठी पान घेते, कोणी लहानपणासाठी. एकानं विचारलं, आजी, तुम्हाला एवढी मारधाड काहून आवडते? काय सांगू त्याले. आम्ही पोलिसात गेलो नाही, डॉक्टरले जिना सांगितला. माझ्या अंगावरचे वळ कधीचेच जिरले. ते आता फक्त या पानांवर आहेत, अन् तेही छापलेल्यात नाहीत. पान उन्हात तिरपं धरलं का शाईच्या खाली निळी रेघ दिसते. माझ्या भावानं पहिले माझा दंड काढला, वळ जिथं होता तिथं, जेवढा होता तेवढा. मग शाईनं त्याचा कथेतल्या बाईचा दंड केला. या निळ्यासाठी मी पानं जमा करते.

अशी अकरा झाली. शेवटचं नव्हतं, अन् मले तर तेच पाह्यजे होतं. छापल्यात मी कोपऱ्यात होती, पण निळ्यात? माझ्या भावालेही मी तशीच वाटत होती का, एवढं मले मरायच्या आधी पाहायचं होतं. त्यालेच विचारायचं ना, असं म्हणाल. त्या हाताकडे पाह्यलं का तोंड उघडत नाही हो.

मागच्या उन्हाळ्यात ते पान नागपूरच्या एका रिटायर मास्तरांकडे निघालं. विकत देईनात. म्हणे, तुमचं कुऱ्हाडीचं पान द्या, हे न्या. कुऱ्हाडीचं पान म्हणजे माझ्या पेटीतलं सर्वात देखणं, पाठीत पातं रुतलेलं अन् फासळ्या मोजून घ्याव्या अशा. मी अन् नात बसनं गेलो, कुऱ्हाड देऊन पान आणलं. निघताना मास्तर दारापर्यंत आले.

"काकू, एक सांगतो. त्या पांढऱ्या रंगाला हात लावू नका. पाणी तर अजिबात नको. पानाची वाट लागेल."

"हौ," मी म्हटलं.

पांढरा म्हणजे पोस्टर कलर. चित्रात बदल करायचा असला का पांढऱ्यानं झाकतात अन् वर दुसरं काढतात. घरी येऊन पाह्यलं तर पहिलवान पांढऱ्यावर काढलेला. कोपऱ्यातली बाईही पांढऱ्यावर. रेघ जाडीभरडी, दुसऱ्याच कोणाच्या हाताची. माझा भाऊ अशी रेघ झोपेतही काढणार नाही. खिडकीत उन्हाशी धरलं तर थराच्या आत काहीतरी लांब, आडवं दिसलं.

मी वाटीत पाणी घेतलं, कापूस बुडवला.

नात किंचाळली, "आजी, पागल हो गई क्या? मास्तरजी ने मना किया था!"

"मास्तरले म्हण, तुमची कुऱ्हाड सांभाळा," मी म्हटलं.

पहिले पहिलवानाचं तोंड गेलं. कापसानं जाईना तिथं नख लावलं. मुखवटा, गळा, छाती, ठोसा, सगळं सोलून काढलं, जिवंत माणूस सोलावा तसं. पांढरं दुधासारखं ओघळे अन् त्यात शाईचे काळे टवके. मग कोपऱ्यातल्या बाईवर आली. तिले मी सर्वात जोरात घासलं. तिचे हात घासले, झाकलेलं तोंड घासलं, पाठीमागची भिंतही. कागदाचा भुसा निघाला तरी घासलं. माझा भाऊ पाण्यानं न जाणारी शाई वापरे. ती खाली होती तशीच राह्यली.

चौकटीच्या मधोमध बाई उभी होती. केस सुटलेले, तोंड उघडं, समोरचा एक दात नाही. दोन्ही हातांनी मुसळ डोक्यावर. विंचूवाला तिच्या पायाशी, कवटी फुटलेली, अन् विंचवाचा हात कोपराखाली उलटा मोडलेला.

खुशी झाली का? नाही झाली. बक्कल पोटात बसावं तसं झालं. भावानं मुसळ मले आधीच देऊन ठेवलं होतं. वरवंटा उचलला जायच्या कितीतरी आधी, कागदावर, हातात. अन् मी ते उचललं नाही.

भाऊ दोन गल्ल्या सोडून राहते, रोज चारच्या चहाले येते. मी पान तसंच टेबलावर ठेवलं. तो बसला, पाह्यलं, उठून नाही गेला.

"कोणी पुसलं हे?"

"मी."

"छापखानेवाल्यांनी पत्र पाठवलतं तेव्हा, म्हणे बाईनंच मारलं तर पहिलवान काय फक्त पाहायले आला? अन् पान तिकडंच दुसऱ्याकडून बदलून टाकलं. मी तुले सांगत होतो. तू बोलू देल्लं नाही."

"मी नाही उचललं रे मुसळ त्या दिवशी." इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली.

त्यानं डाव्या हातानं चहा बशीत ओतला. "कडी लागली होती बाई. तुले कडीनंतर काही कळत नसे, मले काय माहीत नाही?" मग एक घोट घेऊन म्हणे, "पण हे चुकलंच."

"काय?"

"मुसळ. असं टोकाले धरते का कोणी? मी जल्मात कधी कुटलं नव्हतं. कसं धरतात?"

जुनं मुसळ माझ्याकडे अजून आहे, धानाच्या कोठीमागं. आणलं. "मधात धरतात. हे पाह्य, जिथं घासून घासून बारीक झालं आहे, तिथं."

"वर घे."

घेतलं. त्यानं एक डोळा मिटला, तो वाकडा अंगठा समोर धरला अन् माझं माप घेऊ लागला. जसा तेव्हा चित्र काढायच्या आधी घेई.

"अजून वर. कोपर बाहेर."

"हात दुखून राह्यला रे."

"दुखू दे. पुढच्या पायावर वजन टाक बाई, त्याले लागलं पाह्यजे."

मी टाकलं.