ओला माल मोजत नाहीत

आधी अक्कांचं सांगतो. जळगावच्या एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये वाळवणाचं पटांगण त्यांच्या हाताखाली होतं. पारोळ्याकडच्या. लिहिता येत नव्हतं, पण मूठभर तूर उचलून एक दाणा दाताखाली धरून ‘अजून एक ऊन’ की ‘उचला’ ते सांगायच्या, आणि त्यात कधी चूक झाली नाही. माझ्या बाजूनं खरं बोलणारं त्या मिलमध्ये एकच माणूस निघालं, ते म्हणजे अक्का. आज मी कोठडीत नाही, बाहेर बसून हे लिहितोय ते त्यांच्यामुळे.

मी पिंपळनेरच्या पलीकडचा, गुजरातची हद्द लागते तिकडचा. नववीत शाळा सुटली. गावाहून जळगावला यायला तीन एसट्या बदलाव्या लागतात. दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी जायचो, एरवी नाही. मिलमध्ये हमाल म्हणून लागलो. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे, मीही. एकदा पावतीवरचं माझं अक्षर बघून ते म्हणाले, “हे कोणी लिहिलं? हा पोत्याखाली काय करतोय?” दुसऱ्या दिवसापासून मी गोदामाच्या टेबलावर. मला चूक व्हायची इतकी भीती वाटायची की एक आकडा तीनदा तपासायचो. भाऊंना तेच आवडायचं. खोली त्यांनीच बघून दिली. आई आजारी पडली तेव्हा गाडी दिली. हे उपकार खरे होते. आजही मी ते खोटे म्हणणार नाही, आणि तेच अवघड जातं.

ऑफिसात मी जपून, शाळेतल्यासारखं बोलायचो. दुपारी भाकरी खायला मात्र पटांगणात जायचो, कारण तिथं अहिराणी बोलता यायची. अक्का म्हणायच्या, “तू मना गावना नही, पन तुनी बोली मनीच शे.”

तुरीची डाळ एका दिवसात होत नाही. तूर आधी यंत्रात खरडायची, तेल चोळायचं, मग पटांगणात पसरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवायची. मध्ये पाणी मारून ढीग करायचा, परत पसरायची. तेव्हा कुठे साल सुटतं. या दिवसांत तिचं वजन रोज वेगळं. सकाळी जड, संध्याकाळी हलकं. म्हणून आमच्या धंद्यात जुनी रीत आहे की ओला माल मोजत नाहीत. गोदामातली तूर लिहायची, भरलेली डाळ लिहायची. पटांगणात पसरलेलं कुठंच लिहायचं नाही. ते ना तूर, ना डाळ. माझ्या आधीचा गोदामवाला तेच करायचा, त्याच्या आधीचाही.

मग तुरीचे भाव चढले आणि सरकारनं साठ्यावर मर्यादा घातली. कोणत्या मिलनं किती माल ठेवायचा ते ठरलं, आणि दर आठवड्याला सरकारी पोर्टलवर साठा भरायचा हुकूम आला. भाऊ म्हणाले, “तू भर. तुझाच मोबाईल नंबर टाक, मला ते ओटीपीचं जमत नाही.” सरकारचा मेसेज माझ्या फोनवर येणार याचा मला अभिमान वाटला. गावी फोन करून सांगितलंसुद्धा.

फॉर्मात एक रकाना होता, ‘प्रक्रियेत असलेला माल’. भाऊ तेव्हा पटांगणात उभे होते. मी फोन घेऊन तिथंच गेलो. अक्का शेजारी तूर उलथत होत्या.

“भाऊ, इथं पटांगणातला माल विचारलाय.”

“ओला माल कोणी मोजतं का?”

“पण रकाना आहे.”

“शून्य टाक. डाळ झाली की येईलच गोदामात. तू ना, देवाला नैवेद्य दाखवताना पण पावती मागशील.”

बायका हसल्या. मीही हसलो आणि शून्य टाकलं. पुढेही दर आठवड्याला तेच.

पुरवठा खात्याची माणसं आली ती सकाळी, नेमकी पटांगण भरलेलं असताना. त्यांनी तो तेल-पाण्याचा माल पोत्यांत भरून काट्यावर चढवला. अक्का साहेबांना म्हणाल्या, “साहेब, पानीबी तुरना भाववर मोजी राहिनात का?” साहेबही जरासे हसले, पण आकडा लिहिला. तो धरून साठा मर्यादेच्या वर गेला. पंचनामा झाला, तो माल जप्त होऊन त्याला सील लागलं. पोर्टलवर कोण भरतं, असं त्यांनी विचारलं. मी हात वर केला. शाळेत करायचो तसाच.

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “घाबरू नको. सगळ्या मिलवाल्यांनी ठरवलंय, हायकोर्टात जायचं. औरंगाबाद खंडपीठात. अर्धवट माल म्हणजे साठा नाही, हे आपण तिथं मांडणार. परदेशातून तूर येते त्याला मोकळीक आणि आपल्याला दावं, हे चालणार नाही.” मला पटलं. आजही पटतं. जी वस्तू विकता येत नाही तिचा साठा कसला? चार दिवस मी माझ्या भीतीपेक्षा त्या मुद्द्याचाच विचार करत होतो. वकिलांना समजावं म्हणून तूर कोणत्या दिवशी कशी असते ते मी कागदावर लिहून दिलं. भाऊ म्हणाले, “बघ, शाळा सोडली पण डोकं नाही सोडलं.”

त्याच वेळी त्यांनी आणखी एक कागद पुढे केला. स्टॅम्पपेपर, सगळं इंग्रजीत. “कोर्टात लागतं. कर सही.” तीनदा तपासणारा मी, पण त्या कागदात काय आहे ते मी एकदाही विचारलं नाही. भाऊंना विचारायचं म्हणजे उपकार विसरल्यासारखं. सही केली, आणि अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश केली.

दोन आठवड्यांनी पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. फौजदार माणूस चांगला होता. त्यानं कागद माझ्यासमोर धरला.

“सही तुमची?”

“हो.”

“यात काय आहे माहीत आहे?”

मी नाही म्हटलं. मग त्यानं ओळीओळीनं मराठीत सांगितलं. पोर्टलवरची माहिती मी स्वतःच्या मनानं भरली. मालकांना त्याची कल्पना नव्हती. त्यांनी विचारल्यावर मी चूक कबूल केली. “खोटी माहिती दिल्याचा गुन्हा आहे,” तो म्हणाला, “आणि तुम्हीच लिहून दिलंय. वकील बघा लवकर.”

तिथून मी चालत मिलवर गेलो. भाऊ केबिनमध्ये होते. त्यांनी फिरवाफिरव केली नाही.

“माझं नाव आलं तर लायसन जाईल, मिल बंद. सगळी माणसं घरी. तुझं नाव आलं तर काय, दंड होईल. मी भरीन. आता तूच सांग, मी काय करायचं?”

मी म्हटलं, “भाऊ, मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर सही केली असतीस?”

खरं म्हणजे केली असती. त्यांनी समोर बसवून मागितलं असतं तर बहुतेक दिलं असतं. त्यांनी मागितलं नाही, काढून घेतलं. मी दाराकडे वळलो तर म्हणाले, “आणि पुढं कुठं सही करशील तर वाचून करत जा.”

पटांगणात अक्कांनी विचारलं, “अरे, तुनं तोंड काब्र उतरेल शे?” मी सांगितलं. फावडं हातात धरून त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, “शून्य टाकाले त्यानी सांगं. मी आठेच व्हतू. मी ऐकेल शे.”

“अक्का, सगळ्यांनी ऐकलंय.”

“बठ्ठासले माहीत शे, पन बोलई कोन? मी जास.”

संध्याकाळी मी साक्षीसाठी आणखी दोघांना विचारलं. काटेवाल्यानं नजर चुकवली. ऑफिसातला कारकून म्हणाला, माझ्या मुलीचं लग्न आहे रे. अक्कांनी दुसऱ्या दिवशी खाडा केला, नवं लुगडं नेसल्या आणि ठाण्यात गेल्या. मी बाहेरच्या बाकावर. आतून त्यांचा आवाज येत होता, पटांगणातल्याइतकाच मोठा. मालक काय म्हणाले, मी काय विचारलं, कोण हसलं, सगळं क्रमानं. किती वर्षं काम करता, यावर त्या म्हणाल्या, “मनी पोर पाळणामा व्हती तैपाशीन. आते तिनी पोर शाळामा जास.” अंगठा दिला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, “चल, चहा पाज.”

त्या जबाबामुळे भाऊंचं नाव गुन्ह्यात आलं आणि मला अटकपूर्व जामीन मिळाला. मिलकडून पोलिसांना लेखी उत्तर गेलं की अशी कोणी बाई आमच्या हजेरीपटावर नाही. ते खोटं नव्हतं. पटांगणातल्या बायकांची नावं हजेरीपटावर कधी लावलीच नव्हती. सोमवारी अक्का गेटवर गेल्या तर वॉचमननं त्यांना ओळखलं नाही. तोच वॉचमन रोज त्यांच्या डब्यातली मिरची मागून खायचा.

खंडपीठाचा निकाल मी पेपरात वाचला. अर्धवट माल साठ्यात धरता येणार नाही, जप्त केलेली तूर परत द्या. खोट्या माहितीचा खटला मात्र वेगळा चालेल. पहिलं वाक्य वाचून मला क्षणभर आनंद झाला. माझा मुद्दा जिंकला होता. मी कागदावर लिहून दिलेलं, कोणत्या दिवशी तूर कशी असते ते, बातमीत जवळपास तसंच होतं. मग दुसरं वाक्य वाचलं. भाऊंना तूर मिळाली. मला तारखा मिळाल्या.

आता मी धुळ्यात एका किराणा दुकानात काम करतो. तारखेला जळगावला जातो, तेव्हा भाऊ कोर्टाच्या आवारात भेटतात. आई कशी आहे विचारतात. मी बरी आहे म्हणतो.

अक्का पारोळ्यात लेकीकडे आहेत, कापूस वेचायला जातात. कामगार कार्यालयात अर्ज केला तर इतक्या वर्षांच्या कामाचं काहीतरी मिळेल, असं एकानं त्यांना सांगितलंय. पुरावा हवा. त्यांना पटांगणात रोज पाहिलेला आणि ते लिहून देऊ शकणारा माणूस मी आहे. माझे वकील म्हणतात, आपला खटला संपेपर्यंत मिलविरुद्ध कुठंही तोंड उघडू नका. मी ऐकतो, कारण मी घाबरतो. अक्कांनी अशी वाट पाहिली नव्हती. ही लाज माझ्यापाशी आहे.

म्हणून इथं लिहून ठेवतो. अक्का, माझा निकाल कसाही लागो, तो लागेल त्या आठवड्यात मी तुमच्याबरोबर कामगार कार्यालयात येईन. तुम्ही त्या मिलमध्ये होता, किती वर्षं होता आणि काय करत होता, हे माझ्या अक्षरात लिहून देईन. आधी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवीन, तुम्ही हो म्हणाल, मग सही करीन.