उकिरड्यावरचं लेकरू

अमडापूरच्या आमच्या घरात माझ्या पाठची भावंडं बारशाआधीच धनुर्वातानं जायची. टाकलेल्या पोराला यम नेत नाही, म्हणून आत्या प्रत्येक लेकराला जन्मताच उकिरड्यावर ठेवायची. नाळेच्या ओल्या जखमेतून धनुर्वात तिथंच शिरतो, हे मला कॉलेजात कळलं. घरातली पहिली पदवीधर मीच.

एकदा सरकारी नर्सबाईनं गरोदर आईला धनुर्वाताच्या सुया दिल्या. बहीण झाली, तिलाही आत्यानं उकिरड्यावर ठेवलं. ती मात्र जगली.

पुढं काकूला दिवस गेले. नर्सबाई आली तर आत्या दारातच आडवी.

"सुई काऊन पायजे, बाई? मागची पोरगी उकिरड्यानं वाचली."

"मावशी, ती सुईनं वाचली."

"तुमची सुई काल आली. उकिरडा आज्यापासून हाय."

नर्सबाई सुई न देताच परत गेली. काकूचं लेकरू आठवड्यातच गेलं.

आमच्या घरात सरकारी सुईनं एक लेकरू वाचलं. ती माझी बहीण.