एक्स्ट्राचा रकाना

आमच्या क्लबच्या यशाची गोष्ट मी आजवर तीनदा लोकांसमोर सांगितली आहे. दोनदा क्लबच्या वार्षिक जेवणात, आणि एकदा मेडनहेडच्या एका हॉटेलात, आमच्यासारख्याच छोट्या क्लबांची माणसं जमली होती तेव्हा. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. तिन्ही वेळा मी त्या गोष्टीतून एक माणूस गाळला. मी मुळात कमी बोलणारा, त्यामुळे मी काही गाळतोय हे कुणाच्या लक्षात येत नाही. कमी बोलण्याचा हा फायदा मी आयुष्यभर घेत आलो.

पण आधी क्लबबद्दल. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो अभिमान खोटा नाही.

लंडनपासून तासाभरावरच्या मिल्टन कीन्समध्ये बेसबॉल खेळतात हे मिल्टन कीन्सच्याच बहुतेकांना ठाऊक नाही. रेडवेवरून, म्हणजे गावभर पसरलेल्या लाल पायवाटांवरून, कुत्री फिरवणारे लोक आमच्या मैदानापाशी थांबतात, "राउंडर्स का?" असं, इथल्या शाळकरी मुलींच्या बॅट-बॉलच्या खेळाचं नाव घेऊन, विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. मैदान कौन्सिलचं. हिवाळ्यात तिथे फुटबॉल. कॅचरच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या विकेटकीपरच्या, मागची जाळी दर रविवारी सकाळी उभी करायची, संध्याकाळी उतरवून व्हॅनमध्ये टाकायची. ती आमच्या कोचने परांचीचे जुने पाइप जोडून बनवलेली. कोच कॅनडाचा, धंद्याने प्लंबर, बायको इथली म्हणून इथे राहिलेला. कॅचरचं पॅड, मुखवटा वगैरे पूर्ण सामान आमच्याकडे एकच होतं. ज्याची पाळी त्याने आधीच्याच्या घामासकट ते अंगावर चढवायचं.

आणि समोर लंडनचे क्लब. त्यांच्याकडे पाळण्यात बॉल घेऊन झोपलेली माणसं. अमेरिकन, जपानी, व्हेनेझुएलाचे. सगळ्यांच्या पाठीवर एकसारख्या बॅगा, हिवाळ्यात सरावाला हॉल. लंडनला नोकरीला आलेला चांगला खेळाडू साहजिकच तिथेच जाणार. आमच्या गावात चौकाचौकाला असलेले राउंडअबाउट मोजत आमच्याकडे कोण येतंय?

मला तिथे नेलं माझ्या मित्राने. तो नागपूरचा, मी पुण्याचा; दोघंही एकाच सुमारास वर्क व्हिसावर आलेलो, एकाच ऑफिसात. नागपुरात कॉलेजच्या टीममधून तो सॉफ्टबॉल खेळलेला. बेसबॉल हा त्याचा थोरला भाऊ, असं तो म्हणायचा.

"काय बे पुणेकर, रविवारी करून काय राहिला?"

"काही नाही. इस्त्री."

"इस्त्री करून जातो कुठे तू? चाल, बस गाडीत."

मला खेळता येत नाही हे त्याला माहीत होतं. पण पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरिंग मी केलं होतं, हेही माहीत होतं. त्याने कोचला सांगितलं, "हा माणूस एक बॉल सोडणार नाही लिहायचा." आणि स्कोअरबुक माझ्या हातात दिलं. परदेशात आल्यापासून मला कुणी इतक्या विश्वासाने काही दिलं नव्हतं.

आता एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावरच आहे. बेसबॉलमध्ये पिचरने चार चेंडू बाहेर टाकले आणि बॅटरने त्यांतल्या एकालाही बॅट घातली नाही, तर बॅटर चालत पहिल्या बेसवर जातो. फुकट. याला 'वॉक' म्हणतात. तिथून एकेक बेस गाठत सुरुवातीच्या जागी, 'घरी', परतला की एक रन. मी जन्मभर क्रिकेट लिहिलेला माणूस. चेंडू बाहेर गेला म्हणजे वाइड, आणि वाइड बॅट्समनच्या नावावर कधी लिहीत नाहीत. तो एक्स्ट्रा. बोलरची चूक, बॅट्समनची कमाई नाही. घरी जाऊन मी प्रत्येकाच्या बॅटिंगची शीट बनवायचो, त्यात सगळे वॉक मी शेवटच्या रकान्यात टाकले. रकान्याला नाव दिलं, 'एक्स्ट्रा'. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. मला वेगळं काही सुचलंच नाही.

माझा मित्र बॅटिंगला कसा उभा राहायचा ते बघायला हवं होतं. बस स्टॉपवर उभा असल्यासारखा. बाहेरचा चेंडू त्याच्या नाकासमोरून गेला तरी पापणी हलायची नाही. आमचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर, बाकावरून ओरडायचा, "बॅट भाड्याने आणलीस का? वापरायला बंदी आहे?" हा शांत. चार चेंडू झाले की बॅट हळूच खाली ठेवायचा आणि पहिल्या बेसकडे असा चालत जायचा, जणू शतपावलीला निघालाय. तिथून पुढे काय व्हायचं ते व्हायचं, बहुतेक वेळा तो रन काढून परत यायचा. मी मात्र लिहायचो: एक्स्ट्रा.

सीझनच्या मध्यावर आम्ही तळाला होतो. कोचने माझ्याकडे शीट मागितली. कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, हे तोपर्यंत तो डोळ्यांनी ठरवायचा. "तुझ्याकडे आकडे आहेत," तो म्हणाला, "मला आकडे दे." मी दिले. माझा मित्र शेवटून पहिला होता. त्याच्या नावावर फटके जवळजवळ नव्हतेच.

पुढच्या रविवारी तो राखीव. मॅच सुरू होण्याआधी तो माझ्या टेबलाशी आला.

"शीटमध्ये एवढा खाली आहे का मी?"

मी पेन्सिलीला टोक करत होतो. वर न बघता म्हणालो, "आकडे आहेत. मी काय करणार?"

"हो ना," तो म्हणाला. "तू काय करणार."

तीन रविवार तो बाकावर बसला. सगळ्यांना पाणी दिलं, जाळी उभी करायला सगळ्यांच्या आधी आला. चौथ्या रविवारी मेसेज आला की गुडघा दुखतोय. नंतर बेसिंगस्टोकला नोकरी मिळाली आणि ख्रिसमसच्या सुमारास तो आणि वहिनी घर हलवून गेले. मी सामान भरायला मदतीला गेलो होतो. वहिनींनी पोहे दिले. बेसबॉलचा विषय कुणी काढला नाही.

जानेवारीत, पुढच्या सीझनची तयारी म्हणून, मी जुनं स्कोअरबुक काढलं. ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. बेरजा दोन्ही बाजूंनी जुळल्या पाहिजेत ही माझी सवय. आमच्या टीमचे एकूण रन आणि बॅटरांच्या नावावरचे फटके, यांचा मेळच बसेना. एवढे कमी फटके मारणाऱ्या टीमला एवढे रन आले कुठून? मी एकेक रन मागे मागे नेत त्याच्या सुरुवातीपर्यंत गेलो. बरेचसे रन सुरू होत होते त्या शेवटच्या रकान्यातून. मग मी तो रकाना मोडला. प्रत्येक वॉक ज्याचा होता त्याच्या नावावर लिहिला आणि शीट पुन्हा लावली.

माझा मित्र सगळ्यांत वर होता. थोड्याफार फरकाने नव्हे. एकटाच, बाकीच्यांपासून लांब.

चहा समोर होता, तो गार झाला. फोन उचलून त्याला सांगणं एवढंच करायचं होतं. मी फोन उचललाही, आणि कोचला लावला. "मला एक गोष्ट सापडली आहे," असं म्हणालो. 'माझ्याकडून चूक झाली आहे' असं म्हणालो नाही. दोन्ही वाक्यं बोलायला सारखाच वेळ लागतो.

कोच हरखला. थांबणारी माणसं शोधायची! फटकेबाज लंडनला जाऊ देत. जो बाहेरच्या चेंडूला हात लावत नाही, असा माणूस कुणालाच नको असतो, तो आपल्याला परवडतो. त्या वर्षी आम्ही माणसं जमवली ती आठवली की आजही माझी छाती फुगते. जवळच्या क्रिकेट क्लबने फार संथ खेळतो म्हणून काढून टाकलेला एक सलामीचा बॅट्समन. त्याला आम्ही म्हणालो, तुला संथ म्हणतात तेच आम्हाला हवंय, तर त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. शाळेत वर्षानुवर्षं राउंडर्स शिकवलेली एक शिक्षिका, जिला चेंडू पिचरच्या हातातून सुटायच्या आत कळायचा. जाड चष्म्याचा एक पोस्टमन. दुसऱ्या क्लबांनी ज्यांना चहाचं सामान सांभाळायला ठेवलं असतं, अशी नऊ माणसं.

पहिल्या वर्षी मधोमध. गेल्या वर्षी, शेवटच्या रविवारी, आम्ही आणि लंडनचा एक क्लब बरोबरीत. जो जिंकेल तो लीगचा विजेता. शेवटची इनिंग, स्कोअर सारखा, तिन्ही बेसवर आमची माणसं आणि बॅटिंगला पोस्टमन. त्यांचा पिचर उंच, हात माकडासारखे लांब. पहिला चेंडू बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा बाहेर. पोस्टमनने चष्मा काढला, जर्सीला पुसला, परत घातला. शॉर्टस्टॉप, तोच तो भाड्याच्या बॅटवाला, आता ओरडत होता, "हलू नकोस! देवाशपथ हलू नकोस!" चौथा चेंडू जमिनीवर आपटला. पोस्टमन चालत पहिल्या बेसवर गेला, सगळे एकेक बेस पुढे सरकले, आणि तिसऱ्या बेसवरची शिक्षिका चालत घरी आली. चेंडूला बॅट न लावता आम्ही लीग जिंकली.

हात मिळवताना त्यांचा पिचर म्हणाला, "तुम्ही तर मारलंही नाही."

कोच म्हणाला, "तेच तर आम्हाला परवडतं." आणि मला टेबलामागून खेचून, स्कोअरबुकसकट, त्याने उचललं. मला. एक मीटर. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अभिमानाचा क्षण होता आणि त्या क्षणी मी हवेत असताना मला नागपूरची शतपावली दिसत होती.

मेडनहेडला गेलो ते याचंच भाषण द्यायला. जुनी स्कोअरबुकं गाडीच्या डिकीत टाकून नेली होती, दाखवायला. शेवटी एका बाईने विचारलं, "तुम्हाला हे पहिल्यांदा सुचलं कुणाला बघून?" साधा प्रश्न. मी म्हणालो, "आकड्यांतून सुचलं." तिने वहीत लिहून घेतलं. ती लिहीत असताना मी तिची पेन्सिल बघत होतो.

शनिवारची दुपार होती. गाडीत बसून रस्ता दाखवणाऱ्या सॅटनॅवमध्ये मी घराऐवजी बेसिंगस्टोक टाकलं.

वहिनींनी दार उघडलं. "अहो, तुम्ही? कळवायचं तरी." मित्र मागच्या बागेत शेड रंगवत होता. मी त्या वर्षीचं स्कोअरबुक त्याच्यासमोर बाकावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. रकाना, शीट, जानेवारी, फोन. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर राहिलं असतं.

त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि पानं उलटली. बोट लावून स्वतःचे वॉक मोजले. मोजून झाल्यावर पुन्हा मोजले.

"गुडघा नव्हता दुखत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"बॅट मी चॅरिटी शॉपला देऊन टाकली, माहीत आहे? बायकोला म्हटलं, आपलं वय झालं, आता दिसत नाही बॉल बरोबर. डोळे तपासून आलो बे मी. चष्मेवाला म्हणतो, नंबर तोच आहे." मग म्हणाला, "कोच नुसता म्हणाला असता ना, तर भांडलो असतो. तुझी शीट होती म्हणून मानलं."

मी सॉरी म्हणालो, ते फारच छोटं पडलं.

"अन् जिंकले तुम्ही याच्यावर?"

"याच्यावरच. तुझ्यासारखे नऊ जमवले."

"नऊ!" तो पहिल्यांदा हसला, पण पुरतं नाही. "अन् मी इथे शेड रंगवून राहिलो." त्याने पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मला सांगून काय फायदा? मला आता माहीत झालं. त्यांना सांग, ज्यांनी टाळ्या वाजवल्या."

मी सांगितलं. मार्चमध्ये, पहिल्या सरावाच्या दिवशी, जाळी उभी करून झाल्यावर, सगळ्यांना गोल उभं करून. आयुष्यात एवढं लांब मी कधी बोललो नव्हतो. शॉर्टस्टॉपने मान खाली घातली. कोच म्हणाला, "पाणी कुठून गळतंय ते कळलं की त्याच दिवशी सांगायचं असतं. छत ओलं झाल्यावर नाही." शीट बनवायचं काम त्याने माझ्याकडून काढलं नाही. पण आता शिक्षिका माझ्यामागून ती तपासते, आणि ते बरोबर आहे. मेडनहेडच्या त्या बाईलाही मी लिहून कळवलं.

फोन कोचनेच केला, बेसिंगस्टोकला. काय बोलले ते मला माहीत नाही. एप्रिलच्या पहिल्या मॅचला माझा मित्र आला, नवी बॅट घेऊन. मला त्याने नुसती मान हलवली. तिसऱ्या इनिंगला त्याची पाळी आली तेव्हा आमचा अख्खा बाक उभा राहिला. त्या नऊ जणांनी मार्चपर्यंत ज्याचं नावही ऐकलं नव्हतं, त्याच्यासाठी ते टाळ्या वाजवत होते. आणि तो उभा राहिला, तसाच, बस स्टॉपवरच्यासारखा.

पहिलाच चेंडू बाहेर होता, चांगला हातभर. त्याने सगळं अंग फिरवून त्याला बॅट घातली. चेंडू सरळ आभाळात गेला आणि खाली येऊन त्यांच्या पिचरच्या हातात पडला. आउट.

बाक खाली बसला. तो परतला तो थेट माझ्या टेबलाशी, धापा टाकत, तोंडभर हसत.

"किती वर्षं थांबायचं बे माणसाने?" तो म्हणाला. मग वाकून माझ्या पुस्तकात बघितलं. "लिहिलं?"

"लिहिलं."

"कोणाच्या नावावर?"

"तुझ्या."

"दाखव."

मी पुस्तक त्याच्याकडे फिरवलं.